दोनदा बरोबर

मार्केट यार्डात, चौगुल्यांच्या अडतीवर, वरच्या खोलीत
मी कोड लिहिते. खाली हळद.
नखांत पिवळं, कीबोर्डच्या फटींत पिवळं,
एंटरचं बटण तर रोज हळदीकुंकवाला जाऊन आल्यासारखं.

बरोबरचं चिन्ह एकदा लिहिलं की ते देणं असतं:
या नावाला ही किंमत, घे.
सलग दोनदा लिहिलं की विचारणं.
पण काय विचारणं?
तीच का? की तशीच का?
मार्चमध्ये माझी गल्लत झाली ती इथं.

नोंदी दुबार होत होत्या. मालक म्हणाले, जादाच्या काढा.
मी नियम लिहिला: नाव सारखं, पोती सारखी,
वजन सारखं, तारीख सारखी,
तर वस्तू एकच.
रात्री साडेआठला चालवला. सत्तावीस नोंदी गेल्या.
घरी जाताना स्कूटर हलकी वाटली.

सोमवारी जिन्यात दोन माणसं.
पायगोंडा भूपाल मगदूम, पहिले म्हणाले.
पायगोंडा भूपाल मगदूम, दुसरे म्हणाले,
आणि पहिल्यांच्या तळहातावरची तंबाखू उचलली.
एक समडोळीचे, एक कवठेपिरानचे.
अकरा पोती, अकरा पोती, एकाच सौद्याला,
काट्यावर किलोचाही फरक नाही.
"ह्यांचं पैसं आलं," समडोळीकर म्हणाले,
"माझी अकरा पोती कुठं गेली, बाई?"

मी स्क्रीन त्यांच्याकडं फिरवली. बघा ना, सगळं सारखंच आहे.
"सारखंच हाय की," ते म्हणाले.
"तीस वर्सं माझी पत्रं ह्यांच्याकडं जात्यात,
ह्यांच्या पत्रिका माझ्याकडं.
दोन लग्नं जेवून आलोय मी ह्यांच्या पावण्यांत."
रागावलं कुणीच नाही. ते जास्त लागलं.

जानबा तोलारानं मला खाली नेलं, थप्पीपाशी.
"ही शिवण बघा. डावीकडनं सुरू, शेवटाला एक गाठ.
ही उजवीकडनं. दोन गाठी.
हे पोतं त्या पोत्यावानी हाय.
ते न्हवं."
शिवणीचा रकाना माझ्याकडं नव्हता.

मग प्रत्येक नोंदीला जन्मतःच एक क्रमांक दिला,
जो नावानं बदलत नाही, वजनानं नाही,
पावसाळ्यात हळद ओल धरते, त्यानंही नाही.
कॉलेजात हे दोन गुणांना आलं होतं:
वस्तू ज्या खुणेवरून खणात ठेवली
ती खूण नंतर बदलू नये.
बदलली तर वस्तू खणातच राहते
आणि शोधणारा भलत्याच खणात हात घालून
नाही म्हणतो. खोटं बोलत नसतो तो.

मी लिहिलं होतं उत्तर. पाठ करून.

लग्नानंतर विश्रामबागेतल्या माझ्या शाळेत
दाखल्याची नक्कल मागायला गेले.
केतकी सुदर्शन उपाध्ये, सांगितलं.
क्लार्कबाईंनी उ चा गठ्ठा सोडला, झटकला, बांधला.
अशी कुणी नाही आमच्यात.
मी होते. ब मध्ये, बिरनाळेंत,
तिसऱ्या गठ्ठ्यात, दोन वेण्यांच्या फोटोसकट,
कुणीही न काढलेली.
जुनं नाव सांगायला
मला इतका वेळ का लागला, कुणास ठाऊक.

सहा वाजता हिशेब जुळला. बावीस पोती, दोन माणसं.
पोऱ्यानं चहा आणला. दोन्ही कपांवर तेच निळं फूल,
तोच टवका, तेवढीच साय.
दोघांनी एकेक उचलला, वास घेतला,
आणि काही न बोलता कप बदलले.
एकात साखर नव्हती.